बुडखा काढावा की राहू द्यावा?

बागेत, वाडीत किंवा अंगणात उरलेल्या जुन्या बुडख्यांविषयी चार पत्रे आमच्याकडे आली आहेत. प्रश्न वरवर सारखे दिसले, तरी चारही ठिकाणची उत्तरे वेगळी आहेत. झाड कोणते होते, ते कशाने गेले आणि त्याच्या शेजारी आज काय उभे आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय बुडख्याचा निर्णय होत नाही. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : श्रीवर्धन तालुक्यात समुद्रालगत आमची सुमारे वीस गुंठ्यांची माड-पोफळीची वाडी आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात अकरा माड आणि दोन जुने हापूस गेले. पोफळी किती गेल्या याची मोजदाद आम्ही सोडूनच दिली. मुळासकट उपटलेली झाडे तेव्हाच हलवली, परंतु मधूनच मोडलेल्या सहा माडांचे कमरेएवढे खुंट आणि करवतीने कापलेल्या हापूसचे बुडखे अजून जागेवर आहेत. वादळानंतर लावलेल्या माडाच्या रोपांच्या झावळ्या आता कात्रीने कापल्यासारख्या दिसू लागल्या आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की, हापूस त्यांच्या सासऱ्यांच्या हातचा आहे, त्याला हात लावू नये. मुलगा म्हणतो, एकदाच जेसीबी आणून सगळे साफ करू. कोणाचे ऐकावे? — एक वाचिका, रायगड जिल्हा

उत्तर : दोघांचेही ऐकावे, मात्र निरनिराळ्या झाडांच्या बाबतीत. माडांचे खुंट काढा, आणि येत्या पावसाळ्याच्या आत काढा. हापूसचे बुडखे राहू द्या. जेसीबी मात्र वाडीत आणू नका.

आधी माडांचे पाहू. रोपांच्या झावळ्यांवर आपण वर्णन केलेली खूण गेंड्या भुंग्याची आहे. हा काळा, शिंगाचा भुंगा माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उमललेला कोवळा पाला पोखरतो. पुढे ती झावळी उलगडली की दोन्ही बाजूंना त्रिकोणी काप दिसतात. मोठा माड हा मार सोसतो, परंतु चार-पाच वर्षांच्या रोपाचा कोंबच पोखरला गेला तर रोप मरते, कारण माडाला वाढीचा डोळा एकच असतो. शिवाय भुंग्याने केलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा आत येतो, कोंबकुजही शिरते. हा भुंगा शेंड्यात खातो खरा, पण त्याची वीण तेथे होत नाही. मादी अंडी घालते ती कुजणाऱ्या लाकडात, शेणखतात आणि पालापाचोळ्याच्या ढिगात, आणि मोडलेल्या माडाचा खुंट ही तिला मिळणारी उत्तम जागा आहे.

आंब्याच्या खुंटापेक्षा माडाचा खुंट तिला अधिक का भावतो, याचे कारण लाकडाच्या घडणीत आहे. आंबा, साग, चिंच या झाडांचा गाभा सहसा घट्ट असतो आणि बाहेरचे लाकूड त्या मानाने मऊ. माडात उलटे आहे. त्याची कठीण तंतूंची दाटी सालीलगत असते आणि मधला भाग भुसभुशीत असतो. त्यामुळे मोडलेला माड आतून आधी कुजतो, बाहेरचे कवच मात्र वर्षानुवर्षे टिकते, आणि त्या कवचाच्या आत पावसाचे पाणी झिरपून ओलसर, उबदार कुजीचा रांजण तयार होतो. आपले सहा खुंट म्हणजे असे सहा रांजण आहेत. त्यांतला एखादा कुऱ्हाडीने उभा चिरून पाहा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या की शंकेला जागा उरणार नाही.

माडाचा बुडखा काढणे दिसते तितके कठीण नसते. त्याला सोटमूळ नसते. जोमदार माडाला चार ते सात हजार मुळे असतात, पण ती सारी बोटाएवढ्या जाडीची किंवा त्याहून बारीक असतात आणि बहुतेक खोडापासून दोन मीटरच्या आतच राहतात. खुंटाभोवती हात-दीड हात रुंदीचा चर खणून कुऱ्हाडीने मुळे तोडीत गेले की पहारीच्या रेट्याने कांदा, म्हणजे खोडाचा जमिनीतला फुगीर तळ, मोकळा होतो. दोन सवयीचे गडी असले तर हे काम हाताने होते. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत माती कोरडी असते, तेव्हा काम हलके जाते. कसेही करून मे महिन्याच्या आत ते संपवा, कारण भुंग्यांचा जोर पावसाळ्याच्या महिन्यांत सर्वांत जास्त असतो. निघालेले तुकडे चिरून उन्हात खडखडीत वाळवा आणि चुलीला वापरा. अळ्या कोंबड्यांना घाला. हे तुकडे वाडीच्या कोपऱ्यात रचून ठेवले, तर केवळ वीण एका जागेहून दुसरीकडे हलवल्यासारखे होईल.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. खुंट काढले आणि शेणखताचा उकिरडा वाडीत तसाच उघडा राहिला, तर सगळी मेहनत वाया जाईल. उकिरडा दोन-तीन महिन्यांनी वरखाली करा, अळ्या वेचा, आणि कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या विक्री केंद्रावर मिळणारी मेटारायझियम ही हिरवी बुरशी त्यात मिसळा. ती या अळ्यांना रोगी करून मारते. रोपांच्या वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड तितक्याच बारीक वाळूत मिसळून मे, सप्टेंबर आणि डिसेंबर अशी वर्षातून तीनदा भरावी. अगदी लहान रोपांच्या बेचक्यांत तीन-चार डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू घालण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. आणि शेजारच्या वाड्यांतही वादळातले खुंट उभे असतील, तर त्या लोकांशी बोला. वाडीला वाडी लागून असते आणि भुंगा गडगा पाहून थांबत नाही.

आता हापूस. आंब्याच्या बुडख्याबाबत बागायतदाराला भय वाटते ते भिरुडाचे, म्हणजे खोडकिड्याचे. ते भय ताज्या कापलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या झाडापुरते योग्य आहे. भिरुडाची मादी ओलसर सालीला चीर पाडून अंडी घालते. साल गळून गेलेल्या, वाळलेल्या जुन्या बुडख्यात तिला रस नसतो. आपले बुडखे कापून काही वर्षे झाली आहेत. त्यांतून ताजा भुसा गळत नसेल, तर शेजारच्या आंब्यांना त्यांच्यापासून भिरुडाचा धोका मानण्याचे कारण नाही. वाळवी तेथे येईल, येऊ द्यावी. मेलेले लाकूड मातीत मिळवणे हेच तिचे काम आहे. घराच्या जोत्यापासून बुडखा अगदी जवळ असेल, तरच तिची काळजी करावी.

कोकणच्या पावसात आंब्याचे लाकूड टिकत नाही. हे बुडखे आपोआप खचत जातील आणि त्या जागी उत्तम काळी माती तयार होईल. तोवर त्याच्या भेगांत सापसुरळ्या राहतील, पावसाळ्यात छत्र्या उगवतील, आणि पानांखालच्या ओलीत लहान गोगलगायींवर जगणाऱ्या काजव्यांच्या अळ्याही असतील. मोठ्या शंखी गोगलगायी मात्र दिसल्या, तर त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्या, कारण त्या नवीन रोपे खातात. हे बुडखे यंत्राने उपटायचे म्हटले, तर भोवतीच्या उभ्या माडांची मुळे तुटतील, पाट मोडतील आणि यंत्राच्या वजनाने वाडीची भुसभुशीत जमीन दडपली जाईल. हे नुकसान बुडख्याने केले नसते.

सासूबाईंच्या भावनेविषयीही लिहितो, कारण आपण ती संकोचाने लिहिली आहे असे जाणवले. ज्या झाडाखाली चार पिढ्या बसल्या, त्याचा बुडखा डोळ्यांसमोर असावा असे वाटणे हे निर्णयात धरण्याजोगे कारण आहे. जेथे बुडख्यापासून अपाय नाही, तेथे ते कारण पुरेसे आहे.

प्रश्न : पुण्यात आमच्या बंगल्याच्या आवारात कुंपणाच्या भिंतीलगत दोन गुलमोहर होते. गेल्या पावसाळ्यात त्यांतला एक वाऱ्याशिवायच कोसळला. महापालिकेच्या लोकांनी खोड कापून नेले, बुडखा राहिला. आता बुडख्याच्या कडेला लालसर तपकिरी, वार्निश लावल्यासारखी चकाकणारी, अर्धवर्तुळाकार छत्री आली आहे आणि भोवतीच्या गवतावर तपकिरी धूळ बसते. दुसरा गुलमोहर दहा-बारा फुटांवर आहे. बुडखा शोभेसाठी ठेवून त्यावर कुंड्या मांडाव्यात असा विचार होता. — एक वाचक, पुणे

उत्तर : कुंड्यांचा विचार सोडून द्या आणि हा बुडखा काढून घ्या. आपण वर्णन केलेली छत्री गॅनोडर्मा या बुरशीची आहे आणि गवतावरची धूळ म्हणजे तिची बीजे आहेत. गुलमोहर, सुबाभूळ, तसेच माड यांची मुळे आणि बुंधा ही बुरशी आतून कुजवते. ती मेलेल्या लाकडावर जगत राहते आणि तेथून, जेथे मुळाला मूळ भिडलेले असते तेथे, शेजारच्या झाडात शिरते. झाड वरून हिरवे दिसत असतानाही खालचा आधार गेलेला असतो. वारा नसताना आपला गुलमोहर पडला तो याच कारणाने पडला असावा. वरच्या पत्रातल्या हापूसच्या बुडख्यावर उगवणाऱ्या साध्या छत्र्यांशी हिची गल्लत करू नये. त्यांतल्या बहुतेक केवळ मेलेले लाकूड खातात, ही बुरशी जिवंत झाडावरही जाते.

दहा-बारा फुटांवर असलेल्या गुलमोहराची मुळे पडलेल्या झाडाच्या मुळांत गुंतलेली असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून त्याचीच आधी तपासणी करून घ्या. बुंध्याच्या तळाशी छत्री, ओल, साल सुटणे, किंवा लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज यांतले काही आढळले, तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. झाड धोकादायक वाटले, तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 या कायद्यात झाड तोडणे या शब्दांत जाळणे, कापणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे हेही येते. आपला बुडखा मेलेला असला, तरी तो काढण्यापूर्वी त्याच अर्जात त्याचा उल्लेख करून छायाचित्र जोडावे. यात वेळ थोडा जातो, पण पुढे शेजाऱ्यांची तक्रार आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

काढताना भिंतीचे भान ठेवा. पुण्यात जेथे काळी माती आहे, तेथे कुंपणाचा पाया आधीच पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या जमिनीवर उभा असतो. यंत्राने बुडखा ओढला, तर पायाखालून गेलेले मूळ पाया घेऊनच वर येते. म्हणून भिंतीकडची मुळे आधी चर खणून करवतीने कापून वेगळी करावीत, मगच बुडखा हलवावा, आणि भिंतीखालचे मूळ तेथेच सोडावे. काम सुरू करण्याआधी पाण्याची व सांडपाण्याची नळी आणि विजेची तार कोठून जाते, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारून घ्या. मनगटाएवढी व त्याहून जाड मुळे जितकी मिळतील तितकी बाहेर काढा. हे लाकूड भुसा करून बागेत पसरू नका, खतातही घालू नका.

दुसरा गुलमोहर निरोगी निघाला, तर दोन्ही जागांच्या मधोमध दोन फूट खोल आणि एक फूट रुंद चर खणून मधली मुळे तोडावीत. माडाच्या बुंधा-कुजीत रोगट झाड वेगळे करण्यासाठी असाच चर सांगितला जातो. रिकाम्या झालेल्या जागी पुन्हा गुलमोहर किंवा सुबाभूळ लावू नये. नवीन झाड काही अंतर सोडून लावावे, आणि मधल्या काळात त्या जागी शेणखत, निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी घालून भाजी किंवा फुलझाडे घ्यावीत.

प्रश्न : सोलापूरजवळ गावठाणातल्या आमच्या जागेत बाभळीचा जुना, मोठा बुडखा आहे. तेथे पडवी वाढवायची आहे. कोणी सांगतात, भोके पाडून मीठ भरा. कोणी मोरचूद सांगतात, कोणी हिंग. तर कोणी म्हणतात, टायर ठेवून पेटवून द्या. काय करावे? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या बाबतीत बुडखा काढण्यावाचून पर्याय नाही, कारण त्यावर बांधकाम येणार आहे. फरशीखाली राहिलेले लाकूड पुढे कुजते, पोकळी होते आणि जमीन खचते. शिवाय घराच्या पोटातच वाळवीला खाद्य मिळते. वाळवी-प्रतिबंधाच्या भारतीय मानकातही (आयएस 6313) बांधकामाच्या जागेतले बुडखे, मुळे आणि लाकूडफाटा आधी काढून घेण्यास सांगितले आहे.

मीठ आणि मोरचूद यांचा मार्ग मुळीच धरू नये. ही द्रव्ये जिवंत झाड मारण्यासाठी लोक वापरतात. आपली बाभूळ मेलेलीच आहे. मेलेले लाकूड मिठाने कुजत नाही, उलट कुजवणाऱ्या जीवांनाच मीठ मारते, आणि काळ्या मातीत सोडियम वाढला की तिचा पोत बिघडून पाणी मुरेनासे होते. हिंगाविषयी गावोगाव ऐकू येते, परंतु मेलेल्या बुडख्यासाठी त्याचा काहीच उपयोग नाही. टायरचा धूर विषारी असतो, आणि बाभळीचे मूळ जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहून शेजारच्या कडब्याच्या गंजीजवळही निघू शकते. हे करू नका.

बाभळीचे सोटमूळ खोल जाते आणि तिचा गाभा कठीण असतो, तेव्हा खणण्याची वेळ महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी असते आणि भर पावसात चिखल. पहिल्या पावसांनंतर वाफसा येतो, तेव्हा खणावे. जागा मोकळी असेल आणि जवळ जुनी भिंत नसेल, तर येथे जेसीबी वापरण्यास माझी हरकत नाही. खरी चूक बहुतेक लोक खड्डा भरताना करतात. आमच्या घरी चिंचेचा बुडखा काढल्यावर खणलेलीच काळी माती एका दमात लोटून वर शहाबादी बसवली होती. ती जागा पुढे तीन पावसाळे खचत राहिली आणि फरशी दोनदा उचलावी लागली. म्हणून खड्ड्यात काळी माती परत घालू नका. मुरूम आणा, वीतभर थर टाका, पाणी मारून धुम्मसाने चोपा, मग पुढचा थर टाका. शक्य असल्यास एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या आणि नंतर पडवीचे काम घ्या. निघालेला बुडखा मात्र फेकू नका. बाभळीच्या सरपणाला गिऱ्हाईक लगेच मिळते.

प्रश्न : आमच्या अंगणातला कडुनिंब विजेच्या तारांना लागतो म्हणून रीतसर परवानगीने गेल्या वर्षी तोडला. बुडखा काढून तेथे तुळशीवृंदावन करायचे ठरले होते, पण पावसाळ्यात त्याला चारी बाजूंनी वीस-पंचवीस फुटवे आले आहेत. आता काढवत नाही. त्यांतून पुन्हा झाड होते का? — एक वाचिका, नागपूर

उत्तर : होते. माड मोडला की संपतो. कडुनिंबाचे तसे नाही. त्याची मुळे जिवंत आहेत आणि त्यांत पूर्वीच्या मोठ्या झाडासाठी साठवलेले अन्न आहे, त्यामुळे हे फुटवे बियांपासून आलेल्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतील. प्रश्न इतकाच की, तारा अजून तेथेच आहेत. त्या थेट बुडख्यावरून जात असतील, तर दहा वर्षांनी पुन्हा तीच कुऱ्हाड चालेल. अशा वेळी मन घट्ट करून फुटवे दर पंधरा-वीस दिवसांनी मोडत राहावे. पान धरू दिले नाही की मुळांतला साठा एक-दोन वर्षांत संपतो आणि बुडखा शांतपणे मरतो. जिवंत बुडखा खणून काढायचा असेल, तर मात्र त्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याला विचारावे लागेल.

तारा बाजूला असतील, किंवा वीज कंपनीकडून आवरणाची तार बसवून घेणे शक्य असेल, तर झाड राहू द्या आणि वृंदावन चार पावले पूर्वेला घ्या. सगळेच फुटवे ठेवू नका. बुडख्याच्या वरच्या कडेवर आलेले फुटवे केवळ सालीला धरून असतात आणि खालचे लाकूड कुजले की वाऱ्यात फाटून पडतात. जमिनीलगत, तारांच्या विरुद्ध बाजूला आलेले तीन जोमदार फुटवे निवडा आणि बाकीचे धारदार कोयत्याने मुळाशी कापा. त्या तिघांना एक वर्ष वाढू द्या, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांतला सरळ व सशक्त असा एकच ठेवा आणि त्याच्या तळाला मातीची भर द्या, म्हणजे बुडखा कुजण्याआधी तो स्वतःची मुळे धरील. बुडख्याचा वरचा भाग पाणी साचू नये इतपत उतरता तासून घ्यावा. त्यावर सिमेंट किंवा डांबर लावू नये. थंडीत नवीन फुटवे पुन्हा डोकावतील. ते कोवळे असतानाच हाताने खुडून टाकावे.